वाचकांचे प्रश्न : गुहेच्या छतातून ठिबकणारे पाणी आणि त्यातले जीव

स्लोव्हेनियातील पोस्तोयना गुहेवरच्या गेल्या अंकातील लेखात एक वाक्य होते : ‘छतातून ठिबकणाऱ्या पाण्याबरोबर काही जीवही खाली येतात.’ सर्वाधिक पत्रे या एका वाक्यावर आली, म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : गुहेतल्या डबक्यात प्राणी असतात हे समजू शकते. पण थेंबाबरोबर ते छतातून पडतात म्हणजे काय? छतात ते राहतात कुठे?
— एक वाचक, म्युनिक

उत्तर : गुहेचे छत म्हणजे काँक्रीटच्या स्लॅबसारखा सलग दगड, अशी आपली कल्पना असते. चुनखडीच्या बाबतीत ती चुकीची आहे. पावसाचे पाणी मातीतून मुरताना मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वसनातून तयार झालेला कार्बन डायऑक्साइड सोबत घेते आणि किंचित आम्लधर्मी होते. हे पाणी मातीच्या लगेच खालचा खडक विरघळवत जाते. मातीखालचे काही मीटर, कुठे दहा मीटरपर्यंतचे थर त्यामुळे भेगा, पोकळ्या, बारीक नळ्या आणि मातीने भरलेले कप्पे यांनी पोखरले जातात. या थराला एपिकार्स्ट म्हणतात. मुळातला ‘कार्स्ट’ हा शब्द स्लोव्हेनियातल्याच क्रास नावाच्या प्रदेशावरून आला आहे.

एपिकार्स्टमध्ये पाणी साठते. खालचा खडक कमी भेगाळलेला असल्याने ते सगळे एकदम खाली जाऊ शकत नाही. आडवे पसरते आणि जिथे उभी भेग सापडते तिथून उतरते. म्हणजे गुहेच्या कित्येक मीटर वर, डोंगराच्या पोटात, शेकडो लहान लहान पाणसाठे लटकलेले असतात. काहींत हवा आणि पाणी दोन्ही असते, काही पूर्ण भरलेले. हे जीव तिथे राहतात, तिथेच अंडी घालतात. प्रवाह वाढला की त्यातले काही सुटतात आणि पाण्याबरोबर खाली येतात.

यात संख्येने सर्वात जास्त असतात कोपेपॉड : अर्धा मिलिमीटर ते एक मिलिमीटर लांबीचे, कोळंबीच्या दूरच्या नात्यातले कवचधारी. पोस्तोयनाच्या कार्स्ट संशोधन संस्थेतील तान्या पिपान यांनी स्लोव्हेनियातल्या सहा गुहांत ठिबकत्या पाण्याखाली गाळण्या लावून नमुने गोळा केले. त्यांना कोपेपॉडच्या तीसहून अधिक जाती मिळाल्या. बहुतेक जाती फक्त भूगर्भातच राहणाऱ्या होत्या आणि काही तर विज्ञानाला नवीन होत्या. एकट्या पोस्तोयना-प्लानिना गुहासंकुलात फक्त भूगर्भात आढळणाऱ्या ८४ जातींची नोंद २००० साली प्रसिद्ध झाली होती : ४८ पाण्यातल्या, ३६ जमिनीवरच्या. पर्यटकांना तिथे दाखवला जातो तो ओल्म नावाचा फिकट गुलाबी, आंधळा, शेपटीवाला उभयचर. पण पाण्यातल्या विविधतेचा मोठा वाटा डोळ्यांना न दिसणाऱ्या या लहान जिवांचा आहे, आणि तो डोक्यावरच्या खडकातून येतो.

थेंबातून पडल्यावर ते मरत नाहीत का, असेही काहींनी विचारले आहे. इतक्या हलक्या जिवाला पाण्याच्या थेंबात बसून पडण्याने इजा होत नाही. प्रश्न असतो तो कुठे पडला याचा. डबक्यात पडला तर जगतो. कोरड्या कातळावर पडून थेंब फुटला आणि तो ओल्या चिखलापर्यंत पोहोचला नाही, तर सुकतो.

प्रश्न : गुहेत ऊन नाही, शेवाळ नाही. मग थेंबातून असे किती अन्न येत असणार, की त्यावर पूर्ण जीवसृष्टी जगावी?
— शिक्षिका, सांगली

उत्तर : फारच थोडे येते. पण ते सतत येते आणि पचण्याजोगे असते. तुमच्या विद्यार्थ्यांना करून दाखवता येईल असे गणित देतो.

बारीक नळीसारख्या लवणस्तंभाच्या टोकावरचा एक थेंब साधारण ०.१ मिलिलिटरच्या आसपास असतो. (‘लवणस्तंभ’ हा शब्द पाठ्यपुस्तकांमुळे रूढ झाला आहे, पण त्यात मीठ नसते, चुना असतो. वर्गात हे आवर्जून सांगावे.) दर पाच सेकंदांनी एक थेंब पडत असेल तर दिवसाला १७,२८० थेंब, म्हणजे सुमारे १.७ लिटर पाणी. अशा पाण्यात विरघळलेला सेंद्रिय कार्बन लिटरला साधारण एक मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असतो. म्हणजे त्या एका ठिबकातून दिवसाला जेमतेम पावणेदोन मिलिग्रॅम कार्बन खाली येतो. तांदळाच्या एका दाण्यात साधारण आठ मिलिग्रॅम कार्बन असतो. एक ठिबक पाच दिवसांत मिळून तांदळाचा एक दाणा वाढते, असे समजा.

हा दाणा कोपेपॉड थेट खात नाहीत. विरघळलेला कार्बन आधी जिवाणू घेतात आणि ओल्या दगडावर, चिखलाच्या कणांवर त्यांचा बुळबुळीत थर धरतो. कोपेपॉड तो थर खरवडतात. कोपेपॉडना आणि त्यांच्या विष्ठेला निफार्गस नावाचे आंधळे अँफिपॉड (कोपेपॉडपेक्षा मोठे कवचधारी) खातात. निफार्गससारख्यांना ओल्म खातो. प्रत्येक पायरीवर बहुतेक ऊर्जा श्वसनातच संपते, म्हणून वरच्या पायरीचे प्राणी विरळ, संथ आणि दीर्घायुषी असतात. ओल्मच्या माद्या सरासरी साडेबारा वर्षांतून एकदा अंडी घालतात. पोस्तोयनाच्या मत्स्यालयात २०१६ साली एका मादीने ६४ अंडी घातली, तेव्हा जगभर बातमी झाली होती.

इथे एक भेद लक्षात ठेवावा. पोस्तोयनाच्या खालच्या मजल्यातून पिवका नदी वाहते. तिथे पाने, लाकूड, पृष्ठभागावरचे जीव असे बरेच काही नदीबरोबर येते. ठिबकावर सर्वस्वी अवलंबून असतात ते नदीपासून दूर, वरच्या कोरड्या वाटणाऱ्या दालनांतले जीव. तिथे दुसरा अन्नपुरवठा फारसा नाही.

प्रश्न : गुहेतल्या डबक्यातले पाणी तपासले तर वरच्या खडकातले सगळे जीव कळतील ना? मग थेंबाखाली गाळणी लावण्याची गरज काय?
— निवृत्त प्राध्यापक, नागपूर

उत्तर : बरीच वर्षे असेच समजले जात होते, आणि त्यामुळे एपिकार्स्टमधल्या अनेक जाती नजरेआड राहिल्या. पुढे दोन्ही नमुने शेजारीशेजारी घेऊन पाहिले, तेव्हा डबक्यातली यादी आणि ठिबकातली यादी जुळत नाही असे दिसले. डबके हे वरून गळून आलेल्यांचे साठवणीचे ठिकाण आहे. काही जाती तिथे तग धरतात आणि संख्येने फुगतात. काही तिथे पोहोचतात पण प्रजनन करू शकत नाहीत आणि संपतात. शिवाय डबक्यात भक्षक असतात. खडकाच्या बारीक भेगेत न शिरू शकणारा मोठा निफार्गस डबक्यात आरामात फिरतो.

याचा संरक्षणाशी थेट संबंध आहे. डबक्याभोवती दोरी बांधून ‘जीवसृष्टी वाचवली’ असे म्हणता येत नाही. मूळ वस्ती वर आहे. ती गेली तर डबक्यातली मंडळी काही काळ दिसतील आणि मग दिसेनाशी होतील.

प्रश्न : सायक्लॉप्स म्हणजे नारू पसरवणारा जीव ना? मग गुहेतले ठिबकणारे पाणी प्यायल्याने नारू होईल का?
— एक वाचक, जालना

उत्तर : नाही. सायक्लॉप्स हाही कोपेपॉडच आहे. नारूच्या अळ्या बाधित माणसाच्या जखमेतून पाण्यात उतरायच्या आणि तिथल्या सायक्लॉप्सच्या पोटात जायच्या; असे सायक्लॉप्स पाण्याबरोबर गिळले की रोग पसरायचा. म्हणून पायऱ्यांच्या विहिरी धोक्याच्या होत्या : लोक पाण्यात पाय घालून उभे राहत आणि तेच पाणी भरून नेत. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला आणि २००० साली देश नारूमुक्त घोषित झाला. गुहेतला स्पिओसायक्लॉप्स त्याच गणातला असला तरी त्याच्यापर्यंत नारूची अळी पोहोचण्याचा मार्गच नाही. तरीही ठिबकणारे पाणी न उकळता पिऊ नये. कारण वेगळे आहे : चुनखडीतून पाणी फार कमी गाळले जाते. वरच्या गोठ्यातले किंवा शौचालयातले जिवाणू काही तासांत खाली येऊ शकतात.

प्रश्न : मी प्राणिशास्त्रात एम. एस्सी. करते. ठिबकत्या पाण्यातले जीव गोळा करण्याची साधी, कमी खर्चाची पद्धत सविस्तर सांगाल का? काय चुकू शकते तेही सांगा.
— विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : आधी परवानगी. भारतातल्या अनेक चुनखडी गुहा वनक्षेत्रात किंवा राष्ट्रीय उद्यानात आहेत. वनविभागाची लेखी परवानगी नसेल तर गाळणी लावणे सोडाच, एक थेंबही बाटलीत भरू नका. गुहेत किमान तिघांनी जावे, प्रत्येकाकडे दोन दिवे असावेत आणि बाहेर कुणाला तरी परतण्याची वेळ सांगितलेली असावी.

साहित्य : रुंद तोंडाचा एक-दोन लिटरचा प्लास्टिकचा डबा, २० सेंटिमीटर व्यासाचे नरसाळे, ६० मायक्रॉन छिद्राचे नायलॉन कापड आणि मत्स्यटाकीसाठी मिळणारे सिलिकॉन. कापड कोळंबी-मत्स्यबीज केंद्रांना माल पुरवणाऱ्यांकडे ‘बोल्टिंग क्लॉथ’ म्हणून मिळते. सिलिकॉन न्हाणीघराच्या फरश्यांसाठीचे घेऊ नका. त्यात बुरशीनाशक असते आणि ते हळूहळू पाण्यात उतरते.

डब्याच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना साधारण ५ बाय १० सेंटिमीटरच्या खिडक्या कापा. खिडकीची खालची कड तळापासून तीन-चार सेंटिमीटर वर हवी, म्हणजे तळाशी नेहमी पाणी राहील आणि जीव सुकणार नाहीत. खिडक्यांवर आतून कापड ताणून सिलिकॉनने चिकटवा, दोन दिवस वाळू द्या, मग डबा पाण्याने भरून रात्रभर ठेवा आणि ते पाणी फेकून द्या. वर नरसाळे बसवा. त्याची नळी तळातल्या पाण्याच्या थोडी वर संपावी. नरसाळे आणि डब्याचे तोंड यांच्यामधली फट कापडाने बंद करा. ती उघडी राहिली तर गुहेच्या जमिनीवरचे कोलेंबोला (उड्या मारणारे बारीक कीटकसदृश जीव), कोळी आणि माइट आत चढतात आणि ठिबकाशी संबंध नसलेल्या जाती तुमच्या यादीत घुसतात.

आता ठिबक निवडणे. एकाच दालनातले दोन ठिबक दोन मीटर अंतरावर असूनही वेगळ्या जाती देतात, त्यामुळे एका गुहेत निदान पाच ठिबक घ्या : काही जलद, काही मंद, काही फक्त पावसाळ्यात चालणारे. प्रत्येकाचा वेग दर भेटीत मोजा. घड्याळ लावून दहा मिनिटे मोजपात्रात पाणी धरा. थेंब मोजण्यापेक्षा हे खात्रीचे, कारण थेंबाचा आकार लवणस्तंभाच्या टोकाप्रमाणे बदलतो. ही नोंद नसेल तर ‘दहा लिटरमागे किती जीव’ हे काढता येत नाही, आणि नुसत्या ‘सात कोपेपॉड मिळाले’ या वाक्याला अर्थ राहत नाही. डबा सपाट दगडावर ठेवून छोट्या दगडांनी टेकवा. लवणस्तंभाला तार, गोंद, खिळा काहीही लावायचे नाही.

महिन्यातून एकदा डबा रिकामा करा. पावसाळ्यात गुहेत जाणे सुरक्षित असेल तर दर पंधरा दिवसांनी. बहुतेकांची पद्धत इथेच फसते. ठिबकत्या पाण्यातला चुना कापडाच्या छिद्रांत बसतो, वरून बारीक माती येते, छिद्रे बुजतात आणि पाणी डब्याच्या काठावरून वाहू लागते. त्याबरोबर जीवही जातात. डबा पाहिल्यावर भरलेला दिसतो म्हणून हे लक्षात येत नाही. खिडकीच्या वरच्या कडेपेक्षा वर पाण्याची रेघ उमटली असेल, तर तो नमुना ‘ओसंडलेला’ असे नोंदवा आणि दरलिटर हिशेबात धरू नका. कापड सौम्य व्हिनेगरमध्ये धुतले की चुना निघतो, पण हे काम गुहेबाहेर करा आणि नंतर साध्या पाण्याने पाच-सहा वेळा खंगाळा. सोयीसाठी १५० किंवा २०० मायक्रॉनचे कापड घेण्याचा मोह होतो. तसे केले तर पिल्ले आणि पॅरास्टेनोकॅरिससारख्या किरकोळ अंगाच्या जाती निसटतात. भूगर्भातल्या खास जाती नेमक्या अशाच असतात.

पाण्याचे तापमान, सामू आणि विद्युतवाहकता जागेवरच मोजा. सामू तर लगेच. ठिबकत्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून गेला की सामू वाढतो. प्रयोगशाळेत नेऊन मोजलेला आकडा गुहेतला नसतो.

नमुना दोन भागांत ठेवा. आकार-रचना पाहण्यासाठी ७० टक्के अल्कोहोल, डीएनएसाठी ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र. फॉर्मेलिन वापरल्यास पुढे डीएनएचे काम जवळपास अशक्य होते. चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाका. बाहेरची शाई अल्कोहोलने पुसली जाते. वेचणी स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली ४० पट मोठे करून, काळ्या पार्श्वभूमीवर करा. हे जीव पारदर्शक असतात. जात ठरवायला कोपेपॉडच्या हार्पॅक्टिकॉइड गटात पायांची पाचवी जोडी आणि शेपटाकडचे दोन फाटे पाहतात, त्यासाठी सूक्ष्म विच्छेदन लागते. हे काम पहिल्यांदा एकट्याने करू नका. आंध्र प्रदेशात भूजलातल्या कोपेपॉड आणि बॅथिनेलिड (भूजलातल्या आणखी एका गटाचे सूक्ष्म कवचधारी) यांच्यावर अनेक वर्षे काम झाले आहे; बोरा गुहेवरून नाव मिळालेली ‘हॅब्रोबॅथिनेला बोराएन्सिस’ ही जात तिथूनच २०१४ साली नोंदवली गेली. तिथल्या अभ्यासकांचे शोधनिबंध आधी वाचा.

आणि रिकामा डबा म्हणजे अपयश नव्हे. मंद ठिबकाखाली महिन्याला एकही जीव न मिळणे सामान्य आहे. तोही आकडा वहीत लिहा.

प्रश्न : बस्तरमधल्या कुटुमसर गुहेत आंधळे मासे पाहिले. तेही ठिबकणाऱ्या पाण्यावर जगतात का?
— जगदलपूरहून एक मराठी वाचक

उत्तर : अंशतःच. कुटुमसर (कोटमसर) कांगेर व्हॅली राष्ट्रीय उद्यानात आहे. पावसाळ्यात गुहेत पाणी शिरते, म्हणून तेव्हा ती पर्यटकांना बंद असते. हे पुराचे पाणी पाने, काड्या, कीटक आत आणून टाकते, आणि वर्षाच्या अन्नाची मोठी बेगमी त्यातूनच होते. पूर ओसरला की मासे लहान लहान डबक्यांत अडकतात. तेव्हा ठिबकाचे काम सुरू होते : डबकी आटू न देणे आणि पाणी ताजे ठेवणे. उन्हाळ्यात ज्या डबक्यावर ठिबक चालू आहे ते टिकते. ज्यावरचा ठिबक थांबला ते चिखल होते.

स्लोव्हेनिया आणि मोसमी प्रदेश यांतला फरक इथे स्पष्ट दिसतो. मेघालयात जयंतिया टेकड्यांच्या पोटातल्या गुहांत २०१९ साली ४० सेंटिमीटरहून लांब मासे सापडले. २०२३ साली त्यांना ‘निओलिसोकायलस पनार’ हे नाव मिळाले. जगातल्या ज्ञात गुहावासी माशांत ते सर्वात मोठे. एवढे शरीर ठिबकातल्या कार्बनवर पोसले जाणे शक्य नाही; तिथे पुराने आत येणारा पालापाचोळाच हवा.

कुटुमसरच्या माशाचे पुण्याशी नाते आहे. फिकट, डोळे खुरटलेले हे मासे ज्या जातीत धरले जातात, त्या ‘इंडोरिओनेक्टीस एवेझार्डी’ जातीचे पहिले वर्णन फ्रान्सिस डे यांनी १८७२ साली पुण्याच्या नमुन्यांवरून केले. पुण्यातले मासे डोळस आणि ठिपकेदार, उघड्या ओढ्यांत राहणारे. एकाच वंशाचे मासे अंधारात राहून काय होतात, हे पाहायला याहून चांगली जोडी सापडणे कठीण.

प्रश्न : आपल्याकडच्या लेण्यांतही पाणी ठिबकते. पोढी (कातळात कोरलेल्या पाण्याच्या टाक्या) तर बारमाही भरलेल्या असतात. तिथे असे जीव असतील का?
— गिर्यारोहक, ठाणे

उत्तर : लेणी माणसाने कोरलेली आहेत आणि सह्याद्रीचा बेसाल्ट पाण्यात चुनखडीसारखा विरघळत नाही. त्यामुळे एपिकार्स्टसारखी जाळी तयार होत नाही. लेण्यात ठिबकते ते खडकाच्या सांध्यांतून, दोन लाव्हाथरांमधल्या लाल मातकट पट्ट्यावरून किंवा झिजून मुरूम झालेल्या थरातून. कान्हेरीसारख्या ठिकाणच्या पोढींत पाणी मुख्यतः पन्हळींनी वळवलेल्या पावसाचे असते. त्यात बेडूक, चतुरांच्या अळ्या, पृष्ठभागावरचे सायक्लॉप्स असे उघड्यावरचे जीव दिसतात.

पण यावरून महाराष्ट्राच्या पोटात काही नाही, असा निष्कर्ष काढू नका. भेगा आणि मुरूम यांत भूजल आहे, आणि भूजल आहे तिथे शोधण्यासारखे असतेच. कोकण आणि गोव्याचा जांभा तर फार आशादायक आहे. केरळात याच प्रकारच्या खडकातल्या विहिरींतून होराग्लॅनिस हे बोटाएवढे आंधळे मासे मिळतात. पहिली जात १९५० साली कोट्टायमहून नोंदवली गेली. २०२३ साली नोंदवलेल्या ‘होराग्लॅनिस पॉप्युली’चे नावच ‘लोकांचा’ असे आहे, कारण घरच्या टाकीत, विहिरीत सापडलेले मासे लोकांनी अभ्यासकांपर्यंत पोहोचवले. कोझिकोडच्या विहिरीतून मिळालेला ‘पँजिओ भुजिया’ हा मासा २०१९ साली नोंदवला गेला.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा गोव्यात जांभ्यातली विहीर असेल, तर पंपाच्या तोंडाला १०० मायक्रॉन नायलॉनची पिशवी घट्ट बांधून अर्धा तास पाणी सोडा. पिशवी उलटी करून पांढऱ्या ताटलीत धुवा. रंगहीन, डोळे नसलेले काही वळवळताना दिसले तर ते विहिरीच्याच पाण्यात ठेवा, फोटो काढा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला कळवा. मात्र ही खटपट विहिरीत औषध टाकण्याआधी करा. ब्लीचिंग पावडर टाकल्यावर काही दिवस काही मिळणार नाही.

प्रश्न : ठिबकणाऱ्या पाण्यातल्या चुन्याचा जलचरांना त्रास होत नाही का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : उलट उपयोग होतो. कवच बांधायला कॅल्शियम लागते आणि ते भरपूर मिळते. शिवाय थेंब फुटताना हवा मिसळते, त्यामुळे डबक्यात प्राणवायूची टंचाई सहसा नसते. त्रास होतो तो पाणी अचानक बदलल्यावर.

प्रश्न : गुहेच्या वरच्या जमिनीवर शेती, घरे, वाहनतळ झाले तर आतल्या पाण्यावर किती परिणाम होतो? वरची जमीन तर पन्नास-शंभर फूट दूर आहे.
— वनखात्यातील एक कर्मचारी

उत्तर : अंतर फसवे असते. भरलेल्या नळीत एका टोकाने पाणी ढकलले की दुसऱ्या टोकाने आधीचे पाणी बाहेर पडते. एपिकार्स्टही तसेच वागतो. मोठा पाऊस पडला की काही तासांत ठिबक वाढतो, पण पहिले पाणी अनेकदा जुने, साठलेले असते. वरच्या घाणीचा परिणाम अनेकदा उशिरा दिसतो आणि घाण थांबवल्यावरही महिनोन्महिने येत राहतो. खडकातल्या लहान कप्प्यांना स्वतःला धुऊन काढायला वेळ लागतो. दूषित भूजल किती काळ छळते, याचे उदाहरण स्लोव्हेनियातच आहे : बेला क्रायिना भागातल्या क्रुपा झऱ्यात पीसीबी हे औद्योगिक रसायन असल्याचे १९८० च्या दशकात लक्षात आले, तिथल्या ओल्मच्या शरीरात ते त्यानंतर कित्येक वर्षांनीही सापडत होते.

तुमच्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाचे तेवढे सांगतो. सर्वात मोठे नुकसान दगडखाणीने होते, कारण ती एपिकार्स्टच उचलून नेते. तिथे पुन्हा झाडे लावून काही परत येत नाही. त्याखालोखाल फरसबंदी. वाहनतळावर डांबर टाकले की खालचे ठिबक बंद पडतात, आणि काठावरून एकाच जागी उतरणारे पाणी इंधनाचे अंश घेऊन एखाद्या भेगेत शिरते. वाहनतळ गुहेच्या माथ्यावरून उताराच्या दुसऱ्या बाजूला न्यावा. शोषखड्ड्याचे शौचालय चुनखडीवर अजिबात नको. बंद टाकी करून ती उपसून बाहेर न्यावी. जमिनीत जिथे खळगा पडून पाणी गडप होते, तिथे कचरा, मेलेली जनावरे किंवा राडारोडा टाकू देऊ नये. तो खळगा म्हणजे गुहेचे उघडे तोंडच आहे. झाडे तोडली तर मातीतला कार्बन डायऑक्साइड आणि सेंद्रिय द्रव्य दोन्ही घटते : लवणस्तंभांची वाढ मंदावते आणि खालच्या जिवांचे अन्नही कमी होते. कीटकनाशके तर कवचधारी जिवांवर विशेष घातक. कीटक आणि कोपेपॉड यांची मज्जासंस्था पुष्कळशी सारखी आहे.

देखरेखीसाठी महागडे यंत्र लागत नाही. गुहेतले पाच ठिबक ठरवून घ्या आणि महिन्यातून एकदा दहा मिनिटांचे पाणी व विद्युतवाहकता एका वहीत लिहा. वाहकता मोजण्याचे खिशात मावणारे उपकरण पुरते. एखाद्या ठिबकाची वाहकता शेजारच्या चारांपेक्षा एकाएकी चढली, तर त्या जागेच्या वर जाऊन काय नवीन झाले आहे ते पाहा. ठिबकाचे पाणी नेमके डोक्यावरूनच येते असे नाही. शंभर-दोनशे पावले चारी बाजूंनी फिरा.

प्रश्न : गुहेतल्या डबक्यात पर्यटक नाणी टाकतात. त्याने काही बिघडते का?
— विद्यार्थी, इयत्ता नववी, नाशिक

उत्तर : बिघडते. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण फवारताना पाहिले असशील. त्यातल्या मोरचुदातले तांबे बुरशीला मारते. तेच तांबे पाण्यात विरघळले की कोपेपॉडसारख्या कवचधाऱ्यांनाही मारक ठरते, तेही अगदी थोड्या मात्रेत. युरोपातल्या दहा, वीस आणि पन्नास सेंटच्या नाण्यांत ८९ टक्के तांबे असते. आपल्याकडच्या पितळी रंगाच्या नाण्यांतही ते आहे. ज्या डबक्यात दिवसाला लिटर-दीड लिटर पाणी येते, तिथे ते वाहून जायला जागा नसते. सहलीला गेलात तर नाणे खिशातच ठेवा. आधीची नाणी दिसली तरी हात घालून काढू नका, कारण हातावरचे क्रीम आणि साबणही पाण्यात उतरतो. तिथल्या कर्मचाऱ्यांना दाखवा, ते चिमट्याने काढतील.